बर्फवाल्या व्हॅनच्या पोटात पेट्रोल

मी एक जुनी डिझेल व्हॅन आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला अजूनही ओल्या गोणपाटाचा वास येतो. हा वास बर्फाचा. बर्फाला कुठे वास असतो, असे तुम्ही म्हणाल. तुम्ही आयुष्यभर बर्फाच्या लाद्या, त्यांच्यावरचा लाकडाचा भुसा आणि त्यावरची गोणपाटे वाहिली असतीत, तर असे म्हणाला नसतात.

सध्या मी बर्फाच्या कारखान्यामागच्या भिंतीला पाठ लावून उभी असते. माझ्या टपावर एक मांजर झोपते. ते कोणाचे आहे मला ठाऊक नाही आणि मी चौकशीही केलेली नाही. वेळ भरपूर आहे म्हणून माझी हकिगत सांगते. ऐकलीत तर तुमचा फायदा. नाही ऐकलीत तर माझे काही बिघडणार नाही, कारण जे बिघडायचे ते आता बिघडून झाले आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रे दाबले, जोडले, तासले आणि आम्हा सगळ्यांना एकच पांढरा रंग मारला. आमच्या रांगेतल्या व्हॅन एकसारख्या दिसत. फरक होता तो पोटात. काहींच्या पोटात पेट्रोलचे इंजिन बसवले, काहींच्या पोटात डिझेलचे. माझ्या वाट्याला डिझेलचे आले. बाहेरून बघणाऱ्याला काडीचाही फरक कळत नसे.

हा फरक काय असतो तो आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. आमच्याकडे ठिणगी नसते. आम्ही हवाच इतकी दाबतो की ती तापते, मग तिच्यावर डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेट घेतो. हा फवारा उडवणारा पंप मोठा नाजूक असतो. त्याला निराळे वंगण कोणी घालत नाही. डिझेल मुळातच तेलकट, तेच त्याचे वंगण. पेट्रोलचा स्वभाव उलटा. हाताला लागलेले ग्रीस पेट्रोलने कसे चटकन निघते ते तुम्ही पाहिले असेल. पेट्रोल माझ्या पंपात गेले तर तिथलाही तेलकटपणा असाच धुऊन निघतो. मग कोरडे लोखंड लोखंडाला घासते, त्याचा चुरा पडतो आणि तो चुरा नळ्यांतून सगळीकडे पोचतो. एवढे झाले की आमच्यासारखीचा खेळ आटोपला.

मला विकत घेतले ते बर्फाच्या कारखान्याच्या मालकांनी. त्यांना सगळे बाबा म्हणत, मीही तेच म्हणते. बाबा स्वतः गाडी चालवत. माझ्याआधी त्यांच्याकडे एक जुना ट्रक होता. नव्या बायकोला पहिलीचे कौतुक ऐकावे लागते, तसे मला त्या ट्रकचे कौतुक रोज ऐकावे लागले. त्याला काहीही चाले. थंडीच्या सकाळी तो सुरू व्हायला कुरकुरला की बाबा त्यात खुशाल पेट्रोल ओतत. टंचाईत रॉकेल ओतत. ट्रक खोकत, धूर ओकत, पण चालत असे. ‘गाडी अशी पाहिजे,’ असे म्हणून बाबा माझ्या डॅशबोर्डवर थाप मारत. त्यांच्या ट्रकचे इंजिन जुन्या पद्धतीचे होते आणि माझे नव्या पद्धतीचे, ही गोष्ट त्यांना ऐकू येत नसे.

बाबांची आणखी एक सवय होती. पेट्रोल पंपावर ते तोंड उघडत नसत. गाडीतून उतरतही नसत, कारण गुडघे दुखत. गाडी उभी करायची आणि हात बाहेर काढून बोटातल्या अंगठीने माझ्या दारावर दोन ठोके मारायचे. दोन ठोके म्हणजे डिझेल, टाकी फुल. पंपावरच्या म्हाताऱ्या नोकराला हे पाठ होते. बोलून सांगावे लागले तर ती ओळख कसली, असे बाबांचे मत होते. माझ्या दारावर त्या जागी रंगाचा टवका उडाला, पण त्याबद्दल मला कोणी विचारले नाही.

काम मात्र मी चोख केले. लाद्या भरल्या की माझे मागचे बूड खाली बसे आणि फटींतून पाणी गळत राही. गावात मी कुठून गेले ते रस्त्यावरच्या ओल्या रेघेवरून कळे. लोक म्हणत, ‘बर्फवाल्यांची गाडी म्हणजे घड्याळ.’ हे कौतुक बाबा स्वतःकडे घेत. मी काही म्हणत नसे. गाडीने काही म्हणायचे नसते.

बाबांना एक मुलगी होती. कारखान्यातली यंत्रे तीच सांभाळी. हातात पाना, डोक्याला फडके. बाबांचा तिच्यावर जीव होता. पण तिने लग्न केले ते एका बोटवाल्याशी, आणि ते बाबांच्या मनाला काही रुचले नाही. त्यांनी भांडण केले नाही, फक्त बोलणे बंद ठेवले. जावयाला काही कळवायचे असले तर ‘तुझ्या नवऱ्याला सांग’ असे मुलीला म्हणायचे. जावईही कमी नव्हता. सासऱ्याचा बर्फाचा कारखाना असताना तो पलीकडच्या कारखान्यातून बर्फ घेई. मधल्या मध्ये मुलीचे सँडविच झाले होते.

एक दिवस मात्र पलीकडच्या कारखान्याचे यंत्र बंद पडले, आणि नेमकी त्याच दिवशी जावयाची बोट भरून आली. इतके मासे त्याच्या जाळ्यात कधी आले नव्हते. मासे म्हणजे काय, ते कोणासाठी थांबत नाहीत. बर्फ मिळाला नाही तर दुपारपर्यंत सगळे वाया जाणार. मुलगी बाबांसमोर येऊन उभी राहिली.

“बाबा, त्यांनी विचारलंय. आपला बर्फ मिळेल का?”

“त्यांनी विचारलंय?”

“हो. त्यांनीच.”

बाबांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, “सांग त्याला, बर्फ येतोय. मी स्वतः आणतोय.”

लाद्या भरताना बाबा त्या दिवशी दोनदा मागे येऊन गोणपाटे नीट करून गेले. असे ते कधी करत नसत. मुलगी शेजारच्या सीटवर बसली आणि आम्ही निघालो. माझी टाकी जवळजवळ कोरडी होती, म्हणून वाटेत पंपावर थांबलो.

म्हातारा नोकर त्या आठवड्यात निवृत्त झाला होता. त्याच्या जागी एक नवी मुलगी उभी होती. माझ्यासारखीच एक पांढरी व्हॅन, पेट्रोलची, रोज त्याच सुमारास तिथे येत असे. ती शाळेची व्हॅन. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि ती मला तीच शाळेची व्हॅन समजली.

“काका, फुल?” तिने विचारले.

बाबांनी अंगठीने दोन ठोके मारले. ते मनाने केव्हाच बंदराच्या धक्क्यावर, जावयाच्या बोटीपाशी पोचले होते.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. डिझेलची नळी जाड असते, ती सहसा पेट्रोलच्या गाडीच्या तोंडात शिरत नाही. पेट्रोलची नळी बारीक, ती माझ्या तोंडात बिनबोभाट शिरते. म्हणजे ही चूक होऊ नये अशी सोय एकाच बाजूने केलेली आहे. आमच्या बाजूने नाही. झाकणाच्या आत ‘डिझेल’ अशी चिकटपट्टी होती, पण खाऱ्या पाण्याने ती केव्हाच सोलून गेली होती. गार, पातळ, परके काहीतरी माझ्या पोटात उतरत गेले आणि मला ते थांबवता आले नाही. तुम्हाला निदान ओकता तरी येते.

टाकी भरली. पंपावरच्या मुलीने झाकण लावले आणि ती थबकली. तिच्या बोटांना तेलकट लागले होते. पेट्रोलच्या गाडीचे झाकण असे तेलकट नसते. तिने बोटे नाकाशी नेली. त्या क्षणी ती गप्प बसली असती तर कोणाला काही कळले नसते. आम्ही निघून गेलो असतो, मी वाटेत कुठेतरी बंद पडले असते आणि दोष माझ्या वयाला गेला असता. बाबांचा हात चावीकडे गेलाच होता.

“काका, चावी फिरवू नका!” ती धावत पुढे आली. “मी पेट्रोल भरलं. ही डिझेलची गाडी आहे ना? माझ्याकडून पेट्रोल भरलं गेलं.”

बाबांचा हात तसाच राहिला. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने मात्र हात लांबवून चावी काढून घेतली.

“अगं, काय करतेस? इकडे दे ती.”

“बाबा, टाकी रिकामी होती. आता आत सगळं पेट्रोलच आहे.”

“मग काय झालं? ट्रकमध्ये आम्ही किती वेळा...”

“हा ट्रक नाही, बाबा.”

“मागे बर्फ वितळतोय तो दिसत नाही का तुला?”

“दिसतोय. उतरा खाली.”

रांगेतल्या एकाने खिडकीतून डोके काढून सल्ला दिला, “वरून थोडं डिझेल टाका आणि जा की. काय होतंय एवढ्याने?” फुकटचा सल्ला देणाऱ्याचे काय जाते, त्याची गाडी पेट्रोलची होती.

बाबांच्या मुलीने कोणाचे ऐकले नाही. तिने गिअर मोकळा केला, हँडब्रेक सोडला आणि खाली उतरून मला ढकलायला लागली. पंपावरची मुलगी तिच्याशेजारी आली. मागच्या गाडीचा चालकही उतरला. तो त्या शाळेच्या व्हॅनचा चालक, ज्याला मुले मामा म्हणत. बाबा गुडघे धरून उतरले आणि त्यांनीही खांदा लावला. मला पंपाच्या कडेला, भिंतीजवळ उभे केले गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी इंजिन न चालवता लाद्या वाहिल्या, आणि त्याही माणसांच्या जिवावर.

बाबांच्या मुलीने गाड्यांच्या मिस्त्रीला फोन केला. तो दुसऱ्या कामावर होता, येतो म्हणाला. केव्हा ते नाही म्हणाला. माझ्या खाली पाण्याचे डबके वाढत चालले. तेव्हा मामांनी डोके खाजवले.

“शाळा सुटायला वेळ आहे. माझी व्हॅन रिकामीच आहे. निम्म्या लाद्या घालतो तिच्यात. उद्या पोरं विचारतील सीट ओली का, तर सांगेन तुमच्यातच कुणीतरी केली.”

गोणपाटे सीटवर पसरली गेली आणि निम्म्या लाद्या शाळेच्या व्हॅनमध्ये गेल्या. माझ्यासारखाच चेहरा असलेली ती व्हॅन माझे काम घेऊन निघाली. मला त्याचे काही वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. मुलगी मामांबरोबर जाणार होती, कारण धक्क्यावर लाद्या उतरवायला माणूस हवा होता. जाताना तिने चावी हातात घोळवली आणि मग बाबांपुढे धरली.

“मिस्त्रींना लागेल. तुमच्याकडे ठेवा. पण बाबा...”

“कळलं. जा तू.”

बाबा माझ्यात, आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले. उरलेला निम्मा बर्फ मागे होता आणि चावी त्यांच्या मुठीत. मिस्त्री येईना. पाणी गळत राहिले. बाबा आरशातून मागे बघत, मग समोर बघत, मग पुन्हा मागे. मी त्यांना इतकी वर्षे ओळखत होते. त्यांचे गुडघे थकले होते, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मग फोन वाजला. मुलीचा नव्हता. जावयाचा होता. लग्न झाल्यापासून त्याने सासऱ्याला केलेला हा पहिलाच फोन.

“बाबा, पहिला बर्फ पोचला. पण निम्मा माल अजून उघडा आहे हो. शाळा सुटायची वेळ झाली, मामा परत येऊ शकत नाहीत. मिस्त्री आला का? तुम्ही... येताय ना?”

“निघालोच,” बाबा म्हणाले. फोन ठेवला. आणि त्यांनी चावी माझ्यात घातली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की गाडीला भीती वाटत नाही. पण मला त्या क्षणी वाटली. चावी नुसती अर्धी फिरली असती तरी टाकीतले पेट्रोल नळ्यांत शिरू लागले असते. पूर्ण फिरली असती तर मी सुरू झाले असते. हेच वाईट होते. मी सुरू झाले असते, थोडी चालले असते, बाबांना वाटले असते की बघा, काही झाले नाही. धक्का गाठायच्या आत मी आतून खरवडून निघाले असते. आणि बाबांनी जावयाला पहिल्यांदाच दिलेला शब्द माझ्याबरोबर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला असता. मला हे सगळे माहीत होते आणि मला तोंड नव्हते.

बाबांचा हात चावीवर होता. अंगठी चावीच्या कडीला लागून बारीक आवाज करत होती. ते माझ्याशी बोलले. एरवी ते माझ्याशी कधी बोलत नसत, ट्रकबद्दल बोलत.

“तू नाही ना त्याच्यासारखी?” ते म्हणाले.

मागे एक लादी सरकून दुसरीवर आदळली, एवढाच आवाज झाला.

बाबांनी चावी काढली. दार उघडले, खाली उतरले आणि लंगडत पंपाकडे गेले. पंपावरची मुलगी दुसऱ्या गाडीत हवा भरत होती. तिचे डोळे सुजले होते, मॅनेजरने तिला चांगलेच फैलावर घेतले होते. बाबांनी चावी तिच्यापुढे धरली.

“ही तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस.”

“मी कशी ठेवू, काका? माझ्यामुळेच तर झालं सगळं.”

“तू निदान ओरडलीस. मी तर तोंडच उघडलं नव्हतं.” मग त्यांनी मॅनेजरच्या खोलीकडे पाहत आवाज चढवला, “हिला कोणी बोलायचं नाही. मी दोन ठोके मारले, डिझेल म्हणालो नाही. ऐकू येतंय का आत?”

मुलीने चावी गणवेशाच्या खिशात ठेवली आणि खिशाचे बटण लावले. बाबा तिथेच उभे राहिले. त्यांनी फोन काढला, परत खिशात ठेवला, पुन्हा काढला. चावी देताना त्यांचा हात एवढा अडखळला नव्हता.

“ऐक,” ते फोनमध्ये म्हणाले. “मी निघालोय म्हटलं ते खोटं होतं. मिस्त्री आलेला नाही, गाडीत पेट्रोल तसंच आहे, ती हलवता येत नाही. माझ्याच्याने बर्फ पोचत नाही. तू... तुला येता येईल का न्यायला?”

पलीकडे काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण थोड्या वेळाने माशांचा वास मारणारा एक उघडा टेंपो आला आणि त्यातून जावई उतरला. अंगावर खवले, पाय अनवाणी. तो आणि बाबा दोघे मिळून लाद्या उचलू लागले. एका लादीचे कोपरे धरून मागे मागे चालताना बाबांचा गुडघा लचकला, तेव्हा जावई म्हणाला, “तुम्ही बसा, मी करतो.” बाबा म्हणाले, “धर नीट, बडबड करू नकोस.” त्या दोघांतले हे पहिले धड संभाषण. निम्म्यातला बराच बर्फ तोवर पाणी झाला होता. उरला तो गेला. काही मासे वाया गेले, बरेच वाचले.

मिस्त्री आला तेव्हा ऊन उतरले होते. त्याने पहिला प्रश्न विचारला, “सुरू केली होती का?” बाबा म्हणाले, “नाही.” मिस्त्रीने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “मग काही झालेलं नाही.” त्याने टाकीखालचा बोल्ट काढून सगळे पेट्रोल पिंपात सोडले. जवळ कोणी विडी ओढत नाही ना, ते दोनदा पाहिले. थोडे डिझेल घालून टाकी खंगाळली, तेही सोडले. इंधनाचा फिल्टर बदलला. मग जाड नळीने डिझेल भरले, आणि या वेळी बाबा शेजारी उभे राहून बघत होते. पंपावरच्या मुलीने खिशाचे बटण काढून चावी दिली. मी दोनदा खोकले आणि सुरू झाले. अगदी नेहमीसारखी.

त्यानंतरही मी पुष्कळ वर्षे लाद्या वाहिल्या. बाबा पुढे थकले, गाडी मुलगी चालवू लागली. मग तळाचा पत्रा खाऱ्या पाण्याने सडला, नवीन गाडी आली आणि मला या भिंतीशी आणून लावले. आता माझ्या काचांवर धूळ आहे आणि चाकांत हवा नाही. हे ज्याच्या त्याच्या वाट्याला येतेच, त्याचे रडगाणे गाण्यात अर्थ नाही. महिन्यातून एकदा कोणी माझे दार उघडून आत वारा येऊ दिला तर बरे वाटेल, एवढेच.

तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे. मोठे झाल्यावर तुमच्या हाती गाडी येईल. इंधन भरताना तोंडाने स्पष्ट सांगा आणि नळी कोणती आहे ते डोळ्यांनी पाहा. एवढे करूनही चूक झालीच, तर गाडी सुरू करू नका. चावी काढा, ढकलत कडेला न्या आणि ज्याला कळते त्याला बोलवा. चुकलेले इंधन काढून टाकता येते. इंजिनातून फिरलेले काढता येत नाही. आणि चूक तुमच्या हातून झाली असेल तर ती लगेच, मोठ्याने, धावत जाऊन सांगा. त्या मुलीने ती सांगितली म्हणून मी वाचले. मला बाबांनी चालवले, मुलीनेही चालवले, पण बाबांचे नाव मी वेगळे ठेवते, कारण त्यांनी एकदा मला चालवले नाही.

एक सांगायचे राहिलेच. पेट्रोलच्या त्या प्रकारानंतरच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून माझ्यात येऊन बसले. मागे लाद्या नव्हत्या. बराच वेळ त्यांनी गाडी सुरूच केली नाही, मला वाटले पुन्हा काहीतरी बिघडले. मग मुलगी येऊन शेजारी बसली आणि तिने विचारले, “कुठे जायचं, बाबा?”

“तुझ्या घरी,” ते म्हणाले. “त्याला सांगू नकोस. मीच बोलतो त्याच्याशी.”